बिनव्यंजनांची हाक

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, पडद्याचा विषय निघाला होता. सकाळचे दहा वाजले होते. ताई नेहमीप्रमाणे आल्या, चपला दाराशी काढून थेट मोरीत गेल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि आईच्या उशाशी उभं राहून तिच्या तोंडात कृत्रिम लाळेचे दोन फवारे मारले. आईनं ते तोंडात फिरवलं, गिळता आलं तेवढं गिळलं, उरलेलं वाटीत सोडलं. मग खिडकीकडे बघत ती बरंच काही बोलली. मी पलंगाच्या पायथ्याशी टेबलावर प्रुफं पसरून बसले होते. मला ऐकू आला तो नुसता लांबलचक आ आणि ऊ, मधेच अडकलेला एखादा श्वास. ताई मात्र हसल्या. "पडदा धुवायला काढा म्हणतायत," त्या मला म्हणाल्या, "आणि एवढा मळलेला पडदा बाईला दिसत नसेल तर तिच्या प्रुफांत काय काय राहून जात असेल, असंही म्हणतायत." आई डोळ्यांनी हसली. तोंडानं हसता येत नव्हतं, ओठांचे कोपरे चिरले होते. मीही हसले. आम्ही तिघी एकाच विनोदाला हसत होतो आणि माझ्या वाट्याला तो उष्टा आला होता.

बाई म्हणजे मी. लहानपणी मी फार पोक्तासारखं बोलायचे, पाहुण्यांना "बसा, आई येईलच इतक्यात" म्हणायचे, म्हणून आईनं ते नाव पाडलं आणि ते तिच्यापुरतंच राहिलं. दुसरं कुणी मला त्या नावानं हाक मारत नाही. ताईसुद्धा नाही, आईचं बोलणं माझ्यापर्यंत पोचवताना तेवढा तो शब्द त्यांच्या तोंडी यायचा आणि दर वेळी मला वाटायचं, माझी एखादी वस्तू कुणीतरी न विचारता वापरतंय. ताई आईच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. आई दातांची डॉक्टर. मी नऊ वर्षांची असताना ताई कामाला लागल्या आणि एकतीस वर्षं राहिल्या. रुग्ण त्यांना ताई म्हणत, आई ताई म्हणे, मीही ताईच म्हणायचे. आईची ती ताई आणि माझीही ताई, हे नातं कुठल्याच हिशेबात बसत नाही हे मला शाळकरी वयातच खटकलं होतं. मी तिला ताई म्हणायचं म्हणजे माझी आई तिचीही आई, असं काहीतरी कबूल केल्यासारखं वाटायचं. वडील मी चार वर्षांची असताना गेले होते. घरात वाटून घ्यायला एकच माणूस होतं.

मंगळवारी पडदा काढायचा राहिला. दुपारी आईनं अर्धी वाटी दूध घेतलं, त्याला पाऊण तास लागला. तीनदा ती "आ-ई" म्हणाली, तिन्ही वेळा ताई "ओ, आले" म्हणून वाकल्या, उशी सारखी केली, ओला कापूस ओठांवर फिरवला. सहा वाजता "उद्या येते हो डॉक्टर" म्हणून त्या गेल्या. मी औषधांच्या वहीत वेळा लिहिल्या. त्या दिवशी आणखी काही घडलं नाही. मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे.

दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेर लाकडी बाक, आत खुर्ची, खुर्चीवर तो दिवा. शाळा सुटली की मी बाहेरच्या बाकावर गृहपाठ करत बसायचे आणि दारातून आवाज यायचे. आई रुग्णाच्या तोंडात आरसा घालून आकडे सांगायची, ताई कार्डावर लिहायच्या. सोळा, कीड. सतरा, ठीक. चोवीस, भरलेला. छत्तीस, मुळापर्यंत. दातांना आकडे असतात, पहिला आकडा जबड्याची बाजू सांगतो आणि दुसरा दात, हे मला फार उशिरा समजलं. तोवर ती त्या दोघींची खासगी भाषा आहे आणि तिच्यात कधीतरी माझाही आकडा असेल, अशा समजुतीनं मी कान लावून बसायचे. एका दुपारी मी मोजलं. आई माझ्याशी अकरा शब्द बोलली होती. ताईंशी बोललेले मी दोनशेपर्यंत मोजले आणि नाद सोडला. रुग्णांसमोर आई त्यांना "तुम्ही" म्हणायची. मला वाटायचं नेहमीच म्हणते. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत मी डबा विसरले म्हणून अचानक गेले तर दोघी खिडकीपाशी एकाच ताटलीतून खात होत्या आणि आई म्हणत होती, "अगं, तू घे ना ताई, मला पुरे." त्या "तू"नं मला जे काही झालं त्याला मी पुढं मोठी झाल्यावर शब्द शोधले. हेवा हा शब्द मला तेव्हाही माहीत होता, पण तो गोष्टीतल्या राण्यांना वाटतो असा माझा समज होता.

ताईंचं खरं कसब आकडे लिहिण्यात नव्हतं. तोंडात कापसाच्या दोन गुंडाळ्या, लाळ ओढणारी नळी, आरसा आणि डॉक्टरची दोन बोटं असताना माणूस जे बोलतो त्यात व्यंजनं नसतात. जीभ दाबलेली, ओठ ताणलेले. गळ्यातून स्वर तेवढे बाहेर पडतात. असल्या बोलण्याचा अर्थ ताईंना लागायचा. त्या खुर्चीच्या मागं, रुग्णाच्या डोक्याशी उभ्या असायच्या, तोंड त्यांना दिसायचंही नाही, नुसत्या आवाजावरून सांगायच्या. "डॉक्टर, थांबा, त्यांना थुंकायचंय." "डावीकडे नाही, उजवीकडे कळ येते म्हणतायत." एकदा एक आजीबाई कवळीच्या मापासाठी तोंडात ओला साचा धरून पाच मिनिटं सलग काहीतरी सांगत राहिल्या. आईनं घाबरून विचारलं, "काय होतंय त्यांना? गुदमरतंय का?" ताई शांतपणे म्हणाल्या, "कवळीचं काही नाही डॉक्टर. सुनेचं चाललंय." आई इतकी हसली की तिला हातातलं खाली ठेवावं लागलं. मी बाकावर होते. आई घरी इतकं हसत नसे. मीही विनोद करून बघायचे, वाचलेले, पाठ केलेले. ती "वा" म्हणायची.

मी दहा वर्षांची असताना मला गालगुंड झालं. दोन्ही गाल कानापासून गळ्यापर्यंत सुजले. आईनं सहा दिवस दवाखाना बंद ठेवला. असं त्याआधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. तिनं मला समजावलं, की कानाच्या पुढं लाळेची पिशवी असते, ती सुजली आहे, तेव्हा आंबटाचं नाव काढायचं नाही, लाळ सुटली की कळ येईल. मी दिवसभर आंबटाचा विचार करायचे. चिरलेलं लिंबू डोळ्यांसमोर आणायचे, कानाखाली सुरी फिरल्यासारखी कळ यायची, मी कण्हायचे आणि आईचा गार तळवा गालावर यायचा. ते सहा दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे आहेत, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गालगुंडाबद्दल असं कोण बोलतं. चौथ्या दिवशी ताई कपाटाची किल्ली न्यायला आल्या. माझ्या पलंगावर बसल्या, माझ्या डोक्याभोवती रुमाल बांधून वर गाठीचे दोन कान काढले आणि "बघा डॉक्टर, ससा" म्हणाल्या. आई हसली. पंधरा दिवसांनी ताईंना गालगुंड झालं. मग आई रोज दवाखान्याआधी आणि दवाखान्यानंतर त्यांच्या खोलीवर जायला लागली, दूध घेऊन, शेकायची पिशवी घेऊन. माझा आजार त्यांनी पळवला होता. "त्यांना लहानपणी नव्हतं का झालं?" मी विचारलं. "नाही ना गं," आई चपला घालता घालता म्हणाली, "बिचारीला या वयात." बिचारी. मला झालं तेव्हा ती म्हणाली होती, होतं सगळ्यांना.

हे सगळं मी विसरले होते असं नाही, पण ठेवून दिलं होतं. मी शिकले, प्रकाशकाकडे मुद्रितशोधक म्हणून लागले. दुसऱ्याच्या वाक्यांतली गळलेली अक्षरं भरायची, हे माझं काम. आई निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हती. आठवडाभर तिचा दिवस ताईंबरोबर जायचा, रविवार माझा. दीड वर्षापूर्वीच्या एका रविवारी जेवताना तिच्या डाव्या जबड्याखाली काहीतरी फुगलेलं दिसलं. सुपारीएवढं. तिनं दोन बोटांनी ते दाबून धरलं आणि चावत राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, खडा आहे. लाळेच्या नळीत अडकतो. जेवायला बसलं की लाळ सुटते, वाट मिळत नाही, तुंबते. तासाभरात बसेल." "दाखवलंस का कुणाला?" "मी काय भाजी विकते का? शंभर जणांचे बघितलेत मी." शंभर जणांना तिनं सांगितलेला उपाय ती स्वतःवर करत होती: आंबट गोळ्या चघळायच्या, लाळ जोरात सुटली की खडा ढकलला जातो. गोळ्या मी आणून द्यायचे. लिंबाच्या, पारदर्शक कागदातल्या. रविवारी मी पुस्तक घेऊन बसले की पलीकडच्या खुर्चीतून गोळी दातावर आपटल्याचा टकटक आवाज यायचा. मला तो आवाज आवडायचा. ती माझ्याजवळ आहे आणि तिच्या तोंडात मी दिलेलं काहीतरी आहे, एवढंच माझ्या मनात असायचं.

खडा नव्हता. रोग जिभेखालच्या मऊ जागेत, नळीच्या तोंडाशीच होता, म्हणून लाळ तुंबत होती. खड्यासारखीच, अगदी तशीच. सूज बसेनाशी झाली आणि जीभ हलवताना दुखायला लागलं तेव्हा ती मोठ्या इस्पितळात गेली, तीही ताईंना घेऊन, आणि मला संध्याकाळी फोन केला. "स्वतः डॉक्टर असून!" असं पुढं येणारा प्रत्येक जण म्हणायचा. स्वतःच्या जिभेखाली काय आहे ते स्वतःला नीट दिसत नाही, डॉक्टर असलं तरी. सर्जन तरुण होता, सरळ बोलणारा. जिभेचा डावीकडचा भाग, तिच्याखालची जागा आणि ती लाळग्रंथी काढावी लागेल, मग किरणं. "बोलणं?" मी विचारलं. तो म्हणाला, जिभेची अक्षरं जातील. त, द, न, ल, स. ओठांची राहतील. प, ब, म. शाळेतल्या तक्त्यासारखं सांगितलं त्यानं. मी ते हातातल्या प्रुफाच्या समासात लिहून घेतलं. किरणांनी उरलेल्या ग्रंथी वाळल्या. तोंडचं पाणी पळालं, हे मी आजवर शेकडो वाक्यांत तपासलं आहे, ते कधी दुरुस्त करावं लागलेलं नाही. पण सकाळी आईची जीभ टाळूला चिकटलेली असायची आणि ती पाण्यानं सोडवावी लागायची, हे त्या वाक्यांत कुठंच नव्हतं. मग तोंड आलं. जिभेवर पांढरा थर, गालाच्या आतून सोललेलं. भाषेत तोंड येतं म्हणतात. तिचं रोज थोडंथोडं जात होतं.

सुरुवातीला मला पुष्कळ कळायचं. "पा-ई" म्हणजे पाणी. "मा-ई" म्हणजे माशी, खिडकीतली. मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. मी ताईंच्या आधी उठून पाणी द्यायचे, परीक्षेत पहिलं उत्तर दिल्यासारखी. पण आई एकेक शब्द बोलणारी बाई नव्हती, तिला वाक्यं लागायची, टोमणे लागायचे, आणि ते फक्त ताईंना कळायचे. इस्पितळानं एक पाटी दिली होती, लिहायला. आईनं ती दोन दिवस वापरली आणि सरकवून दिली. आयुष्यभर तिनं सांगितलं होतं आणि ताईंनी लिहिलं होतं. आताही तसंच असावं असं तिला वाटत असणार. पुढं हात थरथरायला लागला, तेव्हा पाटीचा प्रश्नच उरला नाही. मी दुपारी खोलीत एकटी असले की आई बोलत नसे. दमलेली असेल. ताई आल्या की तिच्या गळ्यातून ते आ-ऊ सुरू व्हायचं आणि ताई मान हलवत, मधे प्रश्न विचारत, "कोण? तो कवळीवाला? नाही हो, तो केव्हाच वारला" असं बोलत बसायच्या. मग माझ्याकडे वळून सारांश द्यायच्या. सारांश. मी दिवसभर प्रुफांत समास, विराम, एकेक वेलांटी बघते, आणि माझ्या आईचं बोलणं मला सारांशानं मिळत होतं. एकदा मी म्हणाले, "सगळं सांगा. शब्दन्‌शब्द." ताई गोंधळल्या. "अगं, तसं नाही येत. मला शब्द नाही ऐकू येत. मला कळतं तेवढं." हे तर अजूनच वाईट होतं.

शेवटच्या महिन्यात ओठांचीही अक्षरं गेली. म्हणजे ओठ मिटायचे, पण ते फोडून आवाज बाहेर काढायला लागतो तेवढा श्वास तिच्याकडे नसायचा. अक्षर ओठांवर यायचं आणि आवाज त्याच्यामागून रिकामाच यायचा. त्याच सुमारास ती "आ-ई" म्हणायला लागली. दिवसातून तीनदा, चारदा. माणूस दुखलं की आई गं म्हणतं, ते असू शकत होतं. ताई असू शकत होतं. बाई असू शकत होतं. तिन्हींतून व्यंजन काढून घेतलं की हाती एकच उरतं. पहिल्यांदा ती तसं म्हणाली तेव्हा मी आणि ताई दोघीही खोलीत होतो. मी मान वर केली, आणि तेवढ्यात ताई "ओ" म्हणाल्या. सहज. एकतीस वर्षांची सवय. मी मान खाली घातली. त्यानंतर ओ त्यांचीच झाली. मी आईला विचारू शकले असते, कुणाला गं? ती मान हलवून सांगू शकली असती. तेवढं तिला येत होतं. मी विचारलं नाही. उत्तर ताई असं आलं असतं तर मला त्या खोलीत बसून राहता आलं नसतं, आणि त्या खोलीत बसणं तेवढंच मला करता येत होतं.

बुधवारी तिचा श्वास सकाळपासून वेगळा होता. ताई जेवायला गेल्या नाहीत. साडेतीनच्या सुमारास त्या उशाशी मागं उभ्या राहून आईच्या खांद्याखाली हात घालून तिला थोडं वर घेत होत्या. मी समोर, पायथ्याशी, माझ्या जागेवर. हातात पेन्सिल होती. आईनं डोळे उघडले. ते माझ्यावर होते. ओठ मिटले, जरा चिकटून राहिले, मग सुटले. "आ-ई." "ओ, डॉक्टर, आहे मी, इथंच आहे," ताई तिच्या केसांवरून म्हणाल्या. आईचे डोळे हलले नाहीत. ओठ पुन्हा मिटले. "आ-ई." "ओ," ताई म्हणाल्या. तिसऱ्यांदा ओठ मिटले तेव्हा सुटायला फार वेळ लागला. खालच्या ओठाची चीर उघडून तिथं रक्ताचा ठिपका आला. "आ—" ताईंनी ओ दिली. मी माझ्या जागेवर होते. पेन्सिलीनं मी कागदावर एक खूण करत होते, ती मी पुरी केली. चारला वीस मिनिटं कमी असताना श्वास थांबला, आणि तो थांबलाय हेही आधी ताईंच्याच लक्षात आलं.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघी दवाखाना आवरायला गेलो. जागा रिकामी करून द्यायची होती. खुर्ची एक तरुण डॉक्टर घेऊन गेला होता, तिच्या पायांच्या खुणा फरशीवर होत्या. ताई काचेचं कपाट पुसत होत्या, मी कार्डांचे खण उपसत होते. कार्डं नावाच्या अक्षरानुसार लावलेली. आमच्या आडनावाच्या अक्षरापाशी आल्यावर आईचं कार्ड मिळालं. ताईंच्या अक्षरात. पहिली नोंद मला तो सुपारीएवढा फुगवटा दिसला त्या रविवारच्या चार महिने आधीची होती. *डाव्या जबड्याखाली सूज, जेवताना. खडा.* त्याच्याखाली दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ. सूज तशीच. सूज कमी. गोळ्या चालू. चार महिने त्या दोघी आरसा आणि दिवा घेऊन इथं बसत होत्या आणि रविवारी आई माझ्यासमोर जेवत होती. मला वाटलं होतं, ती गेली म्हणजे हे संपेल. मेलेल्या माणसावरून कुणी जळत नाही. पण ते कार्ड हातात धरून मी जळत होते, अगदी बाकावरच्या त्या मुलीसारखी. आणि मग मला तिसऱ्या ओळीखालची जागा दिसली. कागद तिथं खरबरीत होता. पेन्सिलीनं लिहून खोडलेलं होतं. दुसऱ्याला तो मळ वाटला असता. मी कार्ड खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं आणि वाचलं: *जिभेखाली डावीकडे पांढरा चट्टा. कडा कडक.*

"हे कुणी खोडलं?" मी विचारलं.

ताईंनी फडकं खाली ठेवलं. पुढं होऊन बघायचीही त्यांना गरज पडली नाही. "मी," त्या म्हणाल्या. "लिहिलंही मीच होतं. आरसा मी धरला होता ना. मला दिसलं. मी म्हटलं, डॉक्टर, इथं चट्टा आहे. म्हणाल्या, गोळ्यांनी सोललं असेल. मी तरी लिहिलं. त्यांनी कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, ताई, मी सांगते तेवढंच लिहायचं. खोड ते." आजवर रुग्ण बसायचे त्या बाकावर त्या बसल्या. बाक आता आत आणून ठेवला होता. "एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा न सांगता लिहिलं होतं गं. आणि खोडलं. पेनानं लिहायला हवं होतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"बाईला सांगायचं नाही म्हणाल्या. ती पुस्तकं वाचत बसेल आणि झोपायची नाही, म्हणाल्या. एवढा खडा, त्यासाठी तिला कशाला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी रोज म्हणायचे, आज तिला फोन करते. रोज. मला वाटायचं, डॉक्टर त्या आहेत, मी कोण."

माझ्या हातात त्यांचा गुन्हा होता, त्यांच्याच अक्षरात, आणि मी त्यांना एकतीस वर्षं ज्याबद्दल शिक्षा देऊ बघत होते त्याच्याशी त्या गुन्ह्याचा काहीच संबंध नव्हता. त्या म्हाताऱ्या दिसत होत्या. मला त्या कधी म्हाताऱ्या दिसल्या नव्हत्या. माझ्या मनात त्या कायम खिडकीपाशी आईच्या ताटलीतून खात होत्या.

"एक सांगू?" त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "तू रागावू नकोस. मी अजून उभी आहे ती एकाच गोष्टीवर. शेवटी त्यांनी मला हाक मारली. तू होतीस की समोर, तू ऐकलंस. तीनदा. ताई, ताई. मनात राग असता तर मारली असती का? त्या चट्ट्याचं त्यांना नंतर सगळं कळलं होतं, आठवत होतं. एका शब्दानं बोलल्या नाहीत मला. मी रोज वाट बघायचे बोलतील म्हणून. आणि शेवटी हाक मारली." त्या माझ्याकडे बघत होत्या, रुग्ण खुर्चीत बसल्यावर बघतात तसं. "मारली ना?"

हो म्हणायला माझं काहीच गेलं नसतं. ती हाक त्यांनी ठेवून घेतली असती, घरी लेकीसुनांना सांगितली असती, म्हातारपण त्यावर काढलं असतं. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच, असं मला अजूनही वाटतं. पण आजवर त्यांच्या वाट्याला गेलेलं सगळं एकदम वर आलं, तो तळवा, ते हसू, ती "तू", आणि त्या सगळ्यांच्या तळाशी असलेली एकच गोष्ट, जी कधी त्यांची नव्हती.

"ताई," मी म्हणाले, "ती बाई म्हणत होती."

त्यांना कळलं नाही. "कोण बाई?"

"मी. तुम्ही उशाशी होतात, तुम्हाला तिचं तोंड दिसत नव्हतं. मला दिसत होतं. ताई म्हणताना ओठ मिटत नाहीत. तिचे मिटत होते. तिन्ही वेळा मिटले. आणि ती माझ्याकडे बघत होती."

ताईंचे ओठ हलले. त्या स्वतःशी दोन्ही शब्द म्हणून बघत होत्या, आवाज न करता, आधी एक, मग दुसरा. मग त्यांनी जे विचारलं त्यात राग नव्हता, आणि म्हणून मला ते टाळता आलं नाही.

"मग तू ओ का नाही दिलीस गं?"

बाहेरून कुणीतरी बंद दवाखान्याचं दार ढकलून बघितलं आणि निघून गेलं. मी हातातलं कार्ड खणाच्या कडेवर ठेवलं.

"दिली असती तर ती थांबली असती, ताई," मी म्हणाले. "मला अजून एकदा ऐकायचं होतं."